तंबोरा, हलगी आणि पाच टेप लूप: 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या रीतीनं आपला ट्रॅक कसा बांधायचा

बीटल्सनी ६ एप्रिल १९६६ रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत 'टुमॉरो नेव्हर नोज'चं ध्वनिमुद्रण सुरू केलं. 'रिव्हॉल्व्हर' अल्बममध्ये हे गाणं सगळ्यात शेवटी येतं, पण मुद्रित झालं सगळ्यात आधी. जेमतेम तीन मिनिटांचं. ध्रुवपद नाही, यमक नाही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत षड्ज एकच. लोकप्रिय होण्याची एकही ठरलेली खूण त्यात नाही. तरीही १९८१ मध्ये फिल कॉलिन्सनं ते पुन्हा गायलं. १९९६ मध्ये केमिकल ब्रदर्सचं 'सेटिंग सन' त्याच्याच ढोलांच्या वळणावर उभं राहून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. २००६ च्या 'लव्ह' या संकलनात त्याचे ढोल बीटल्सच्याच दुसऱ्या एका गाण्याखाली बसवले, आणि २०१२ मध्ये 'मॅड मेन' या अमेरिकन मालिकेच्या एका भागात मूळ मुद्रण वाजलं.

लघुपट करणारी, कॉलेजच्या युवा महोत्सवासाठी बँड बांधणारी, नाटकाला पार्श्वसंगीत देणारी मुलं 'तसला साउंड' मागतात तेव्हा बहुतेक वेळा मूळ या गाण्यात असतं. तो आवाज महागड्या यंत्रांचा नाही. एक न हलणारा षड्ज, हातानं कापून टोकाला टोक चिकटवलेली, गोल फिरत राहणारी टेप (लूप) आणि जवळ धरलेला माइक, एवढ्यावर तो उभा आहे. आणि यातलं जवळजवळ सगळं कोल्हापुरात मिळतं.

मूळ गाणंच का वापरू नये

'मॅड मेन'च्या निर्मात्यांनी त्या वापरासाठी सुमारे अडीच लाख डॉलर मोजल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. चित्रफितीत गाणं घालायचं तर परवानग्या दोन लागतात: एक गीत-संगीताच्या मालकाची, दुसरी त्या विशिष्ट मुद्रणाच्या मालकाची. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीत-संगीताचा हक्क मात्र रचनाकारांपैकी शेवटचा माणूस गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि पॉल मॅकार्टनी हयात आहेत. म्हणजे मुद्रणाची मुदत संपली तरी चाल आणि शब्द मोकळे होत नाहीत. 'आम्ही दहाच सेकंद घेतलंय' याला कायद्यात सूट नाही.

पद्धत वापरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. 'सेटिंग सन'च्या वेळी बीटल्सच्या वकिलांचं पत्र आलं, तेव्हा मूळ मुद्रणाचा तुकडा वापरलेलाच नाही हे संगीततज्ज्ञाकडून दाखवून द्यावं लागलं. त्यातून घ्यायचा धडा असा: प्रत्येक लूपची मूळ, न कापलेली फाइल तारखेसह जपून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला हवी.

क्रम: आधी लूप, मग तंबोरा, मग ताल, शेवटी गळा

हा क्रम उलटा केला की हमखास घोळ होतो, कारण कॅसेट डेकचा वेग कधीच तंतोतंत बरोबर नसतो. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर एक अर्धस्वर सरकतो; दोन टक्क्यांनीसुद्धा तंबोऱ्याशी भांडण लागतं. तंबोरा खुंटी आणि मणके फिरवून कुठेही लावता येतो, टेप येत नाही. म्हणून लूप आधी तयार करा आणि तंबोरा त्यांना जुळवा.

आवाज गोळा करणं

७ एप्रिल १९६६ रोजी गाण्यावर पाच लूप चढवले गेले. समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्यासारखा जो आवाज येतो तो मॅकार्टनींचं हसू आहे, वेग वाढवलेलं. बाकीच्यांत ऑर्केस्ट्राचा एक स्वरमेळ, मेलोट्रॉन या वाद्याचे आवाज आणि सतारीसारखी एक सुरावट आहे. म्हणजे एक आवाज माणसाचा, एक स्वरमेळ, उरलेले वाद्यांचे. ही वाटणी आपणही ठेवावी. पाचही लूप गोंगाटाचे केले तर ट्रॅकला सूर राहत नाही, पाचही सुरेल केले तर त्याचं भजन होतं.

कोल्हापुरातून घेण्याजोगे आवाज असे. गुऱ्हाळाच्या घाण्याची घरघर: हंगामात, दुपारी, काहील उतरवण्याची गडबड नसेल तेव्हा, मालकाला विचारून. चप्पल बनवणाऱ्याचं कातडं ठोकणं: दगडावर हातोडीचा ठोका पडतो त्याच्या शेजारी माइक. तालमीतल्या शड्डूचा आवाज: वेग निम्मा केला की तो दूरच्या तोफेसारखा ऐकू येतो. पोराचं खिदळणं दुप्पट वेगानं. आणि स्वरमेळासाठी पेटी.

पेटीवर नेमकं काय धरायचं? मूळ गाणं पांढरी एकमध्ये आहे. वरून एकच मेळ अधूनमधून येतो: कोमल निषाद, रिषभ, मध्यम. पेटीच्या पट्ट्यांत काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार. हा मेळ षड्जावर ठेवला की खमाज थाटाची छाया पडते आणि गाणं हलल्यासारखं वाटतं, षड्ज मात्र जागचा हलत नाही. भाता एका दमात, समान दाबानं, आठ सेकंद. मधे भाता उचलला तर लूपमध्ये दर फेरीला धाप लागल्यासारखं ऐकू येतं.

कॅसेटचा लूप

लागणारं सामान: स्क्रूनं बंद होणाऱ्या सी-६० कॅसेट पाच-सहा (चिकटवलेल्या उघडताना फुटतात), बारीक फुली स्क्रूड्रायव्हर, धारदार ब्लेड, स्टीलची पट्टी, टेप जोडायची स्प्लायसिंग टेप, आणि चालू स्थितीतला रेकॉर्डिंगवाला डेक. सी-९० घेऊ नका. तिची टेप पातळ असते, लूपमध्ये ताणली जाते आणि सूर डुलायला लागतो.

कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंमी धावते. हवे तेवढे सेकंद गुणिले ४.७६, की लांबी आली. पाच सेकंदांना २३.८ सेंमी. एका चक्रावरून फिरवून कॅसेटच्या आत आरामात बसणारा लूप साधारण एवढाच असतो. फार आखूड केला तर तो खालच्या दोन कोपऱ्यांतल्या रोलरांना पुरतच नाही. दोन सेकंदांचा आवाज हवा असेल तर तोच आवाज लूपवर दोनदा घ्या.

१. पाच स्क्रू काढून कॅसेट आडवी ठेवून उघडा. रोलर, प्रेशर पॅड आणि दोन्ही पातळ प्लास्टिकच्या चकत्या कुठे होत्या याचा फोटो काढून ठेवा.

२. टेप पट्टीवर सरळ ताणून दोन्ही टोकं ४५ अंशांत, एकमेकांवर ठेवून एकाच घावात कापा. सरळ काटकोनात कापली तर सांध्यावर दर फेरीला 'टक' असा आवाज येतो.

३. टोकं एकमेकांना भिडवा. चढवू नका, फटही ठेवू नका. कॅसेटमध्ये जी बाजू बाहेर, हेडकडे तोंड करून असते ती मुद्रणाची बाजू. चिकटपट्टी आतल्या बाजूला लावायची. साधी सेलोटेप लावली तर उन्हाळ्यात डिंक बाजूंनी सुटतो, हेडवर बसतो आणि मग प्रत्येक कॅसेट दबक्या आवाजात वाजते.

४. पट्टीचा टेपच्या कडेबाहेर आलेला भाग ब्लेडनं काढा. अर्धा मिलिमीटर राहिला तरी टेप अडकते.

५. लूप खालच्या दोन रोलरांवरून आणि उजव्या चक्राभोवती घाला. उजवं चक्र वगळू नका. बऱ्याच डेकमध्ये ते फिरलं नाही की ऑटो-स्टॉप बसतो.

ताण हा इथला खरा कस आहे. बोटानं हलकेच दाबल्यावर टेप दोन-तीन मिलिमीटर सरकायला हवी. घट्ट झाली तर मोटर ओढत राहते आणि सूर खाली-वर होतो. सैल झाली तर टेप पिंच रोलरभोवती (तिला ओढणाऱ्या रबरी चाकाभोवती) गुंडाळली जाते आणि तो लूप गेलाच.

पाच सेकंदांपेक्षा लांब लूप हवा असेल तर कॅसेटच्या कडेला खाच पाडून टेप बाहेर काढा आणि ती गोल पेन्सिलीवरून फिरवा. ईएमआयमध्ये हेच झालं होतं. वेगवेगळ्या खोल्यांतल्या मशिनींवर लूप चालू होते, तंत्रज्ञ पेन्सिली धरून टेप ताणून उभे होते, आणि सगळे आवाज एका मिक्सिंग टेबलावर आणले होते. सहा कोनांची पेन्सिल घेऊ नका, टेप थरथरते.

थरावर थर

मॅकार्टनींनी घरच्या ब्रेनेल टेप रेकॉर्डरचं इरेज हेड (जुना आवाज पुसणारा भाग) निकामी करून लूप केले होते. त्यामुळे टेप फिरत राहिली तसा आवाजावर आवाज चढत गेला. आपल्या डेकवर हे करताना सांभाळून. स्वस्त रेकॉर्डरमध्ये इरेज हेड म्हणजे एक छोटं कायमचं चुंबक असतं. ते टेपपासून दूर राहील असं अडकवलं की काम होतं. चांगल्या डेकमध्ये मात्र ते हेड बायस ऑसिलेटरच्या (मुद्रणाला लागणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह देणाऱ्या) सर्किटचाच भाग असू शकतं. वायर तोडली तर मुद्रण फाटकं, विरळ होतं किंवा होतच नाही. तिथे वायरला हात न लावता इरेज हेड आणि टेप यांच्यामध्ये जाडसर प्लास्टिकची चिंचोळी पट्टी सरकवा. पहिला थर मध्यम आवाजात, पुढचे प्रत्येक थर थोडे हळू आवाजात. पाचसहा थरांपुढे जाऊ नका. प्रत्येक नव्या फेरीत बायसमुळे जुन्या थरातला तीव्र आवाज घासला जातो आणि खाली नुसता चिखल उरतो.

डेक नसेल तर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये हेच करता येतं: आवाज कापा, वेग बदला, उलटा करा, लूप लावा. मात्र वेग बदलताना 'सूर तोच ठेवा' हा पर्याय बंद ठेवा. वेगाबरोबर सूर चढला पाहिजे, गंमत त्यातच आहे. वेग दुप्पट केला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो.

लूपची लांबी तालाशी जुळवायचा मोह आवरा. सॉफ्टवेअर आपणहून 'जुळवू का' विचारतं, नाही म्हणा. ३.७, ४.३, ५.०, ५.९, ७.१ सेकंद अशा बेमेळ लांब्या ठेवल्या की तीन मिनिटांत पाच लूप पुन्हा एकत्र समेवर येतच नाहीत. दर वेळी नवा योग जुळतो. सगळे चार-चार सेकंदांचे केले तर दुसऱ्या फेरीलाच कानाला सगळं कळून चुकतं.

तंबोरा

मूळ गाणं तंबोऱ्यानंच उघडतं. इथे तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथे तंतुवाद्यं घडतात आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात तंबोरा नीट लावून देणारं माणूसही सापडतं. वाद्य पुरुषी आवाजाचंच मागून घ्या. बायकी तंबोरा पांढरी एकपर्यंत उतरवला तर तारा सैल पडतात आणि जवारी (तारेची गुंज) मरते.

पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज असा लावा, पण षड्ज ट्यूनरवरून घेऊ नका. डेकवर वाजणाऱ्या पेटीच्या लूपमधला कोमल निषाद ऐका आणि त्यावरून षड्ज ठरवा. जवारीचा दोरा अगदी किंचित सरकवत ज्या जागी तार गुंजायला लागते तिथे थांबा. माइक घोडीपासून २५ ते ३० सेंमीवर, थोडा भोपळ्याकडे वळलेला. अजून जवळ नेला तर बोटाचा ओरखडा येतो, तार मागे पडते.

पावसाळ्यात, आणि कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर पूर्ण, दमट हवेत लाकूड फुगतं आणि खुंट्या धड फिरत नाहीत किंवा सुटतात. सुटणाऱ्या खुंटीला खडू चोळा. पंखा बंद केल्यावर वीस मिनिटं वाद्य तसंच ठेवा, मग पुन्हा लावा, मग रेकॉर्ड करा. महाद्वार रोड, गंगावेस अशा भागात घर असेल तर रात्री अकरानंतरच माइक लावा.

पूर्ण चार मिनिटं सलग वाजवून घ्या. पंधरा सेकंदांचा तुकडा घेऊन त्याचा लूप करणं हा आळस लगेच ऐकू येतो. लूपच्या बेमेळ फेऱ्यांखाली तंबोरा मात्र जिवंत, किंचित कमी-जास्त हवा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा सरावाला चांगला, इथे नको.

ताल

रिंगो स्टारचा ठेका पूर्ण गाण्यात बदलत नाही. जेफ एमेरिक या तरुण इंजिनिअरनं बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, माइक त्या काळच्या नियमापेक्षा खूप जवळ नेला आणि सगळा आवाज फेअरचाइल्ड ६६० लिमिटरमधून दाबून घेतला. तो ढोल आजही नवा वाटतो.

आपल्याकडे हलगी-घुमकं आहे. आठ अर्ध्या मात्रांचं आवर्तन धरा: घुमकं १, ३, ६ वर, हलगी ४ आणि ७ वर, बाकी रिकामं. (ही मूळ गाण्याची नक्कल नाही, त्या बाजाची मांडणी आहे.) हलगी नेहमीसारखी शेकून कडक करू नका, इथे तिचा आवाज जाड हवा. मागच्या उघड्या बाजूला कापडाची घडी धरा. ड्रमसेट असेल तर बास ड्रममध्ये जुनी वाकळ घाला आणि माइक आठ-दहा सेंमीवर ठेवा.

वादकाला एक गोष्ट आधीच सांगावी लागते. कुस्तीच्या मैदानात आणि मिरवणुकीत हलगीचं कामच लय चढवायचं असतं. हात तसा घडलेला असतो आणि तिसऱ्या मिनिटाला १२० ची लय १३५ झालेली असते. कानात १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० मात्रांचा) क्लिक द्या, आणि तरीही चढली तर पहिली चांगली आठ आवर्तनं निवडून पुढे तीच वापरा. इथे मात्र लूप चालतो.

कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर): गुणोत्तर १०:१ किंवा जास्त, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ५ ते १० मिलिसेकंद, आवाज १० ते १५ डेसिबलनी खाली बसेल इतका थ्रेशोल्ड (ज्या पातळीपुढे दाबणं सुरू होतं). रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) सगळ्यात महत्त्वाचा. १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. रिलीज २५० ते ३०० ठेवला की ठोक्यानंतर खोलीचा आवाज वर उसळतो आणि पुढच्या ठोक्याच्या आत स्थिरावतो. ५० ठेवला तर नुसता फाटतो, ८०० ठेवला तर ताल गुदमरतो.

गळा

डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणताहेत असा आपला आवाज व्हावा, अशी जॉन लेननची मागणी होती. उत्तरार्धात त्याचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढून पुन्हा मुद्रित केला आहे. पूर्वार्धात केन टाउनसेंडनं त्याच काळात शोधलेली आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्ती आहे. दुसरी आजही सोपी: गाण्याची प्रत काढून ३० मिलिसेकंद मागे सरकवा आणि तिचा वेग अगदी हळू, किंचित वर-खाली होऊ द्या. २० च्या खाली आवाज नळीतून आल्यासारखा होतो, ५० च्या वर दोन माणसं मागेपुढे गातात.

लेस्लीसाठी बॅटरीवरचा छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि जुना रेकॉर्ड प्लेअर घ्या. वायर नसल्यानं पीळ पडत नाही. टोनआर्म बाजूला बांधा, तबकडीवर मधे भोक पाडलेला फोम ठेवा, त्यावर स्पीकर कडेकडे तोंड करून बसवा आणि ४५ च्या वेगावर फिरवा. लेस्लीचा संथ वेग साधारण एवढाच असतो. दोन माइक तबकडीपासून ३० सेंमीवर, एकमेकांशी काटकोनात. स्पीकर एकाच दिशेला आवाज फेकणारा हवा. चारी बाजूंनी वाजणारा घेतला तर फिरून काही उपयोग नाही. ब्लूटूथमुळे आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. सुरुवातीला एक टाळी रेकॉर्ड करून ठेवा, नंतर टाळीवर टाळी जुळवा.

शब्द स्वतःचे लिहा. मूळ ओळींमागे टिमोथी लिअरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिबेटी मृत्युग्रंथावरून केलेलं पुस्तक आहे. त्याचा मराठी उल्था केला तर हक्काचा प्रश्न पुन्हा येतो आणि ओळीही लंगड्या होतात. एका श्वासात मावेल एवढी ओळ, मग तेवढीच शांतता. सूर षड्ज-गंधार-पंचमात फिरवा आणि कोमल निषादावरून वरच्या षड्जावर चढवा. ताना, मुरक्या नकोत.

मिश्रण एकाच दमात

पाच लूप पाच फेडरवर (मिक्सरच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणांवर) घ्या. साधा आठ चॅनलचा मिक्सर पुरतो. डेक एकच असेल तर बाकी लूप फोन आणि लॅपटॉपवरून वाजवा. फोन एअरप्लेन मोडवर. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, नाहीतर पन्नास हर्ट्झची गुणगुण शेवटपर्यंत साथ करते. लूप सतत चालू राहू द्या आणि फक्त फेडर वर-खाली करा. सुरू-बंद केलं तर त्यांच्यातला बेमेळ नाहीसा होतो. एका वेळी दोनच लूप ठळक. पेटीचा मेळ ओळीच्या उत्तरार्धात, पोराचं खिदळणं ओळ संपल्यावरच्या शांततेत.

दोघांनी मिळून फेडर धरा आणि तीन मिनिटं न थांबता रेकॉर्ड करा. तीन-चार वेळा घ्या, एक निवडा. वेगवेगळ्या प्रयत्नांतले चांगले तुकडे जोडू नका, हातांची चाल तुटलेली लगेच कळते.

शेवटी ट्रॅक मोनोत (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐका. मंडपातले आणि कॉलेजच्या हॉलमधले स्पीकर बहुधा मोनोच वाजतात, आणि दुहेरी केलेला गळा तिथे पोकळ होऊ शकतो. झाला तर सरकवलेली प्रत ३० वरून ३५ किंवा ३८ मिलिसेकंदांवर न्या, तिचा आवाज चार डेसिबलनी कमी करा आणि पुन्हा मोनोत ऐका.